जेसीबी दिसला तेव्हा उशीर झाला होता: गावातल्या मेगा प्रकल्पाला विरोध नेमका कधी करायचा?

या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी. बोलताना मी दोन-तीनदा अडखळले होते, तेवढं इथे नीट केलंय. बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय तुम्ही रील्सवर शंभरदा बघितला असेल. एक हिरवा डोंगर, त्यावर लाल जखमेसारखी कापलेली माती, एक जेसीबी, समोर हातात बोर्ड घेतलेली माणसं. खाली कॅप्शन, ‘सेव्ह अमुक गाव’. आपण लाइक करतो, पुढे जातो. मीही तेच करायचे. मग हे माझ्या आजोळी झालं.

आजोळ गोव्यात. गावाचं नाव सांगणार नाही, कारण घरचीच माणसं यात आहेत. गाव लहान आहे. वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. उतारावर काजूंची भाटं, खाली झर, आणि झरीच्या खाली भातशेती. दीड वर्षापूर्वी सड्यावर एक जेसीबी चढला. दोन दिवसांत गावभर बातमी झाली की तिथे पाचशे फ्लॅट होणार. क्लबहाउस, स्विमिंग पूल, सगळं.

ग्रामसभेचा रविवार

गोव्यात ग्रामसभा रविवारी होतात. त्या रविवारी मी पुण्याहून रात्रीच्या बसने गेले होते. सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. एक आजी उठून एवढंच म्हणाली, “आमकां नाका.” आम्हाला नको. टाळ्यांचा कडकडाट झाला. ठराव झाला, एकमताने: प्रकल्पाला गावाचा विरोध.

मला वाटलं, झालं. जिंकलो.

बाहेर चहाच्या टपरीवर गावातले एक वकील काका भेटले. त्यांनी मला मोबाइलवर एक पीडीएफ दाखवली. सरकारी नोटीस होती. त्यात आमच्या सड्याचा सर्व्हे नंबर होता, झोन बदलण्याचा प्रस्ताव होता, आणि हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत होती. ती मुदत संपून एकोणीस दिवस झाले होते. गावातल्या एकानेही हरकत घेतली नव्हती, कारण नोटीस कुणी वाचलीच नव्हती. मीही नाही. दिवसाला सहा-सहा तास फोन बघणारी मी.

काका म्हणाले, “बाय, तुम्ही सगळे इमारतीशी भांडताय. भांडण नकाशाचं होतं.”

हे वाक्य मला समजायला पुढचे तीन महिने लागले. आजचा भाग म्हणजे त्या तीन महिन्यांत मला जे कळलं ते.

नकाशातले रंग

गोव्याचं क्षेत्रफळ आहे ३,७०२ चौरस किलोमीटर. यातल्या प्रत्येक तुकड्यावर काय करता येईल हे प्रादेशिक आराखड्यात ठरलेलं असतं. कुठे वस्ती, कुठे भातशेती, कुठे बागायत, कुठे जंगल, कुठे बांधकाम निषिद्ध असलेला उतार. याला म्हणतात झोन. नकाशावर प्रत्येक झोनला वेगळा रंग. यामागचा कायदा म्हणजे १९७४ चा नगर व ग्रामनियोजन कायदा.

जमीन ‘सेटलमेंट’ म्हणजे वस्तीच्या झोनमध्ये असेल, तर मालकाला तिथे बांधण्याचा हक्क जवळजवळ मिळाल्यातच जमा असतो. पुढच्या परवानग्या ‘किती’ आणि ‘कसं’ एवढंच ठरवतात. जमीन बागायतीच्या झोनमध्ये असेल, तर मोठी गृहसंकुलं तिथे उभीच राहू शकत नाहीत. म्हणून जमिनीची किंमत मातीवर कमी आणि रंगावर जास्त ठरते. बागायतीचा तुकडा घ्यायचा, रंग बदलून घ्यायचा, की त्याच तुकड्याचा भाव कित्येक पट. एक वीटही न लावता. गोव्यातल्या पेपरांत ‘भूरूपांतर’ हा शब्द सतत दिसतो, तो याचसाठी.

२००६: जेव्हा लोकांनी नकाशा वाचला

गोव्याने ही लढाई एकदा अगदी योग्य ठिकाणी लढलेली आहे. ऑगस्ट २००६ मध्ये सरकारने ‘प्रादेशिक आराखडा २०११’ अधिसूचित केला. लोकांनी नकाशे उघडून बघितले, तर शेतं, बागायती, डोंगरउतार अशा बऱ्याच जमिनी वस्तीच्या रंगात गेलेल्या. त्यातून ‘गोवा बचाव अभियान’ उभं राहिलं. डॉ. ऑस्कर रिबेलो हा त्याचा चेहरा. गावोगावी नकाशे भिंतीवर लावून लोकांना दाखवले गेले, ही तुमची शाळा, हा तुमचा तलाव, आणि हा बदललेला रंग. डिसेंबर २००६ मध्ये पणजीच्या आझाद मैदानावर प्रचंड सभा झाली. जानेवारी २००७ मध्ये सरकारने आख्खा आराखडा मागे घेतला.

लक्षात घ्या, त्यावेळी हातात स्मार्टफोन नव्हते. व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता. माणसं कागदी नकाशे घेऊन फिरली.

पुढे नवीन आराखड्यासाठी टास्क फोर्स नेमला गेला. त्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि नगररचनाकार एडगर रिबेरो होते. यावेळी गावाचे कच्चे नकाशे पंचायतींकडे पाठवले गेले आणि ग्रामसभांनी त्यावर सूचना दिल्या. त्यातून ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ तयार झाला. त्यावरही वाद झाले, २०१२ नंतर तो काही वर्षं बासनात पडून राहिला. पण निदान पद्धत अशी होती की आधी गावाला विचारायचं.

मग रंग पुन्हा कसे बदलले?

सगळा आराखडा एकदम बदलला की लोक रस्त्यावर येतात, हे २००६ ने शिकवलं. त्यामुळे नंतरचे बदल तुकड्या-तुकड्याने झाले. एक सर्व्हे नंबर इथे, एक तिथे.

२०२३ मध्ये कायद्यात १७(२) हे कलम आलं. वरवर बघता निरुपद्रवी. आराखड्यात अनवधानाने झालेल्या चुका आणि विसंगती दुरुस्त करायच्या, म्हणून ते आणलं. पण या ‘दुरुस्त्या’ मालकाच्या अर्जावरून होत होत्या, आणि गावाकडून हरकती मागवायची त्यात सोय नव्हती. लाखो चौरस मीटर जमिनीचा झोन या वाटेने बदलला गेला. गोवा फाउंडेशन, गोवा बचाव अभियान आणि खाजन सोसायटी ऑफ गोवा या संस्था कोर्टात गेल्या. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली आणि कलमाचा अर्थही मर्यादित केला. चूक दुरुस्त करायच्या नावाखाली आराखडाच बदलत नेता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ.

दरम्यान २०२४ मध्ये ३९(अ) हे दुसरं कलम आलं होतं. यातही तुकड्या-तुकड्याने झोन बदलता येतो, पण हरकतींसाठी ३० दिवस दिलेले आहेत. या कलमाविरुद्धही लोक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले.

हे तेच ३० दिवस, जे आमच्या गावाने झोपेत घालवले.

पाच दारं

आता मोठा गृहप्रकल्प कुठल्या कुठल्या दारांतून जातो ते बघू. क्रम थोडा पुढेमागे होऊ शकतो.

पहिलं दार, झोन. इथे, नोटीस निघाली असेल तर, तुम्ही कुणीही असा, लेखी हरकत घेऊ शकता.

दुसरं दार, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी. आराखडा नियमात बसतो का, रस्ता किती रुंद आहे, उंची किती, हे इथे तपासलं जातं. डोंगर कापायचा असेल तर कलम १७(अ) खाली वेगळी परवानगी लागते.

तिसरं दार, सनद. म्हणजे शेतजमीन बिगरशेती वापरासाठी रूपांतरित केल्याचा महसुली दाखला.

चौथं दार, पंचायतीचा बांधकाम परवाना. गावातला सगळा गोंधळ इथे होतो, कारण हेच दार गावात आहे. पण एक गोष्ट समजून घ्या. परवाना ग्रामसभा देत नाही, पंचायत मंडळ देतं. राज्यघटनेच्या कलम २४३(क)मध्ये म्हटलंय की ग्रामसभेला कोणते अधिकार असतील ते राज्याचा कायदा ठरवेल. त्यामुळे ग्रामसभेचा ‘नको’ हा मोठा नैतिक आणि राजकीय दबाव असतो, पण तेवढ्याने परवाना आपोआप अडत नाही. आधीची तीन दारं उघडी असतील आणि पंचायतीने निव्वळ ‘लोक नको म्हणतात’ म्हणून अर्ज फेटाळला, तर अर्जदार वर अपील करतो, आणि तिथे पंचायतीकडे सांगायला कायदेशीर कारण नसतं. पंच मग गावाला म्हणतात, आमचे हात बांधलेले आहेत. कधी ते खरं असतं, कधी सोयीचं.

पाचवं दार, भोगवटा दाखला, ज्याला सगळे ऑक्युपन्सी म्हणतात. इथवर इमारत उभी असते आणि बुकिंग केलेली माणसं चावीची वाट बघत असतात. इथे अडवणं जवळपास अशक्य.

“आणि पर्यावरण परवानगीचं काय?” हा प्रश्न मला तिघांनी मेसेजवर विचारला. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. पण खाणीसाठी किंवा मोठ्या कारखान्यासाठी गावात जशी जनसुनावणी होते, तशी गृहप्रकल्पांसाठी होत नाही. त्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे गावाच्या लोकसंख्येएवढी नवी वस्ती शेजारी येणार असली तरी माइकसमोर उभं राहून बोलायची हक्काची जागा तुम्हाला त्या प्रक्रियेत मिळत नाही. म्हणून पहिलं दार एवढं महत्त्वाचं.

पाचशे फ्लॅट म्हणजे किती पाणी?

“पण विकासाला विरोध का?” असं कुणी म्हटलं की भावनिक होऊ नका. कॅल्क्युलेटर काढा.

शहरी पाणीपुरवठ्याचं आपल्याकडचं नेहमीचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर. पाचशे फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे दोन हजार माणसं. दोन हजार गुणिले १३५ म्हणजे रोज २ लाख ७० हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सत्तावीस टँकर. रोज. स्विमिंग पूल आणि लॉन यात धरलेलंच नाही.

हे पाणी नळाला नसेल, तर बोअरवेलमधून येणार किंवा टँकरने. आमचा सडा जांभ्याचा. जांभा स्पंजासारखा. पावसाचं पाणी पिऊन घेतो आणि उन्हाळ्यापर्यंत खालच्या झरीला हळूहळू सोडतो. वर काँक्रीट पडलं की पाणी मुरत नाही, आणि वरून बोअर मारले की उरलेलंही ओढलं जातं. खाली झर आटते, मग शेत. शिवाय गावात भुयारी गटार नाही, सगळं सेप्टिक टँकवर. दोन हजार माणसांचं सांडपाणी त्याच उतारावरून खाली येणार.

आणि एवढं करून ही घरं कुणासाठी? २०११ च्या जनगणनेत गोव्यात साधारण सव्वा लाख घरं रिकामी आढळली होती. पाचातलं एक घर, कुलूप लावलेलं. आमच्या गावात भाड्याने दोन खोल्या शोधणाऱ्या नवीन जोडप्याला या पाचशे फ्लॅटपैकी एकही परवडणारा नाही.

आता मामाचं ऐका

इथवर ऐकून तुम्ही माझ्या बाजूने झाला असाल. थांबा.

सड्याखालचं काजूचं भाट आमच्या घरचं आहे. मामाच्या आणि माझ्या आईच्या नावावर. गोव्यातल्या नागरी कायद्याप्रमाणे मुलीला मुलाएवढाच वाटा मिळतो, आणि विकायचं झालं तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, नवरा-बायको दोघांच्याही. प्रकल्पवाल्यांना ते भाट हवंय. कारण वरपर्यंत जाणारा रस्ता अरुंद आहे, आणि मोठ्या बांधकामाला किती परवानगी मिळेल हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. भाटाची एक पट्टी मिळाली की रस्ता रुंद.

मामाने आईला फोन केला. सही हवी होती.

ग्रामसभेत मामा मागच्या रांगेत बसले होते. हात वर केला नव्हता, खालीही ठेवला नव्हता, असं काहीतरी. घरी आल्यावर मी जरा चढ्या आवाजात विचारलं, “मामा, तुम्ही विकणार?”

त्यांनी काजूच्या बोंडांनी काळे झालेले हात पुढे केले. “बाय, तू वर्षाकाठी दोनदा येतेस. झरीवर फोटो काढतेस. ते काजू कोण वेचतो? वेचायला माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी निघत नाही. माझा गुडघा गेलाय. पोरगा दुबईला. मी किती वर्षं तुमच्यासाठी डोंगर राखत बसू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही.

गावकऱ्यांचा विरोध म्हणजे एकच आवाज असतो, असं रील्समध्ये वाटतं. प्रत्यक्षात त्यात जमीन विकून मोकळे झालेले असतात, विकायची इच्छा असून सांगायला लाजणारे असतात, सिमेंट-रेतीचा धंदा मिळेल म्हणून वाट बघणारे असतात, आणि ज्यांच्याकडे विकायला काहीच नाही, पण झरीचं पाणी रोज लागतं, असेही असतात. या शेवटच्या लोकांचा आवाज सहीच्या कागदावर कुठेच नसतो. त्यांच्यासाठीच तर तो नकाशा असतो. माझी जमीन माझी असली तरी तिच्यावर काय होईल याचा परिणाम खालच्या विहिरीवर होतो, म्हणून सगळ्यांनी मिळून रंग ठरवायचे, ही त्यामागची कल्पना.

आणि ‘बाहेरचे’ या शब्दाबद्दल एक. सभेत तो खूप वापरला गेला. मला तो टोचला, कारण पुण्यात राहणारी मीही बाहेरचीच. प्रश्न माणूस कुठून आला याचा धरला तर भांडण द्वेषाकडे जातं आणि मूळ मुद्दा सुटतो. पाचशे फ्लॅट गोव्यातल्याच लोकांनी घेतले असते तरी झरीला फरक पडला नसता.

तुम्ही आज काय करू शकता

तुमचं गाव गोव्यात नसेल, तरी ही गोष्ट तुमची आहे. महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आहे. शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की त्यातही हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. पेपरात आतल्या पानावर बारीक टायपात येणारी ‘जाहीर सूचना’ ती हीच. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या कार्यकर्त्यांनी एक पिढी लढवली, ती हिरव्या पट्ट्याचा रंग टिकवण्यासाठीच.

तर, चार कामं.

एक. आपल्या घराच्या आजूबाजूच्या जमिनींचे सर्व्हे नंबर माहीत करून घ्या. महाराष्ट्रात सातबारा, गोव्यात एक-चौदाचा उतारा. दोन्ही ऑनलाइन दिसतात.

दोन. त्या जमिनी आराखड्यात कुठल्या झोनमध्ये आहेत ते बघा आणि आजच्या नकाशाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा.

तीन. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दोघांनी जबाबदारी घ्या, राजपत्र आणि जाहीर सूचना दर आठवड्याला बघायची. गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये एक पीडीएफ आली तर कुणाचं बिघडत नाही. पर्यावरण मंजुरीचे अर्ज केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर दिसतात, तेही बघा.

चार. हरकत लिहायची तर ‘आम्हाला नको’ एवढंच लिहू नका. सर्व्हे नंबर, उतार, झर, रस्त्याची रुंदी, पाण्याचा हिशोब लिहा, आणि पोच घ्या. पुढे कोर्टात गेलात तर हाच कागद उपयोगी पडतो. मुदत हुकली असेल तर माहिती अधिकारात फाइल मागवा. दहा रुपये आणि ३० दिवस.

आम्हीही तेच केलं. मुदत गेली होती, पण फाइल मागवली. वकील काकांनी रस्त्याच्या रुंदीचा मुद्दा काढला. जेसीबी सध्या सड्यावरून खाली उतरलाय. कायमचा की पावसाळ्यापुरता, ते माहीत नाही.

आईने सही केलेली नाही. तिने मामाला फोनवर सांगितलं, “दादा, माझा वाटा तू कस, तू खा, मला एक काजू पाठवू नकोस. पण रस्त्याला पट्टी देणार नाही.” मामा काही बोलले नाहीत. त्यानंतर फोन आलेला नाही. मी आणि माझ्या मावसभावाने ठरवलंय की यंदा मार्चमध्ये काजूच्या हंगामात पंधरा-पंधरा दिवस रजा टाकून वेचायला जायचं. मामा येऊ देतील का, ते चवथीला कळेल. चवथीला आम्ही सगळे त्याच घरात असतो, त्याच गणपतीसमोर.

तुमच्या गावात अशी नोटीस निघाली असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. आणि हा भाग तुमच्या गावच्या ग्रुपवर टाका. पण आधी ती पीडीएफ उघडून बघा, तारीख कुठली आहे ते.

भेटू पुढच्या भागात.